शंभर जागांची यादी

२८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चार वाजता ‘को-विन’ संकेतस्थळावर १८ ते ४४ या वयोगटाची नोंदणी खुली झाली. करोनाची दुसरी लाट भरात होती, प्राणवायूच्या खाटेसाठी नातेवाईक वणवण करत होते आणि लस हाच एक आधार वाटत होता. पहिल्याच दिवशी देशभरातून एक कोटीहून अधिक नावे नोंदली गेली. नाव नोंदवणे त्या मानाने सोपे होते. अवघड होते ते केंद्रावरची वेळ मिळवणे. १ मेपासून महाराष्ट्रात या वयोगटाचे लसीकरण सुरू झाले तेव्हा साठा तुटपुंजा होता. एकेका केंद्रावर शे-दोनशे जागा असत आणि त्या खुल्या झाल्या की पाहता पाहता संपत.

या वयोगटाला तेव्हा थेट केंद्रावर जाऊन लस मिळत नव्हती. ऑनलाइन वेळ घेणे सक्तीचे होते. संकेतस्थळावर जिल्हा निवडला की त्या जिल्ह्यातील सगळी केंद्रे एकाच यादीत दिसत. पुणे जिल्हा निवडणाऱ्याला कोथरूड-हडपसरच्या यादीतच शिरूर, दौंड, खेड, मुळशी अशा तालुक्यांतील केंद्रेही दिसत. राहण्याच्या ठिकाणाची अट नव्हती. शहरातली केंद्रे भरलेली दिसली की वेगवान इंटरनेट असलेला, इंग्रजी सराईतपणे वाचणारा, घरून काम करणारा तरुण साहजिकच पुढच्या ओळीवर बोट ठेवी. शिरूर पुण्याहून नगर रस्त्याने सुमारे ७० किलोमीटर. दौंडला जायला सोलापूर रस्ता आहे आणि रेल्वेही. गाडी काढली की दीड-दोन तासांचे काम. ग्रामीण केंद्राबाहेर शहरातल्या गाड्या उभ्या आणि गावातले लोक फाटकाशी ताटकळत, हे चित्र त्या मे महिन्यात पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातच नव्हे, राज्यात अनेक ठिकाणी दिसले. वादावादी झाली, स्थानिकांना प्राधान्य द्या अशी मागणी झाली.

या प्रकारात दोष शहरातल्या तरुणांचा होता असे म्हणणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. त्यांनी कोणताही नियम मोडला नव्हता. लस त्यांनाही हवी होती आणि धोका त्यांनाही होता. दोष यादीच्या रचनेचा होता. जागा मोजक्या असताना ‘जो पहिला येईल त्याला’ हा नियम कागदावर समान दिसतो. प्रत्यक्षात तो पहिला येण्याची साधने ज्याच्याकडे आहेत त्याच्या बाजूचा असतो.

ती साधने कोणाकडे होती? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या लोकांना इंटरनेट कधी वापरले आहे का, असे विचारले होते. देशभरात १०० पैकी ५७ पुरुषांनी होकार दिला, स्त्रियांपैकी ३३ जणींनीच. शहरी स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ५२ टक्के, तर ग्रामीण स्त्रियांमध्ये सुमारे २५ टक्के होते. म्हणजे खेड्यातल्या चार बायकांपैकी तिघींच्या दृष्टीने ती यादी अस्तित्वातच नव्हती. त्यात घरात एकच फोन, तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात. ओटीपी येणार तो त्या फोनवर, आणि फोन रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर गेलेला. संकेतस्थळाची भाषा इंग्रजी. कांद्याच्या शेतात वाकून काम करणाऱ्या बाईला लसीची वेळ कोणत्या क्षणी खुली होते हे सांगणारे कोणी नव्हते. शहरात मात्र त्यासाठी टेलिग्रामवर सूचना देणारे गट तयार झाले होते. जागा खुली झाली की संगणकच मालकाला हाक मारत होता.

दुरुस्त्या झाल्या, पण एकामागून एक आणि उशिरा. ज्यांची नोंद आहे त्यांनाच लस मिळावी म्हणून ८ मेपासून चार आकडी सुरक्षा संकेतांक आला. यंत्राने झटपट नोंदणी करू नये म्हणून चित्रातील अक्षरे ओळखण्याची पायरी आली. बाहेरच्या प्रणालींना मिळणारी माहिती अर्ध्या तासापर्यंत जुनी असेल अशी तजवीज झाली. दरम्यान साठाच अपुरा पडल्याने, ४५ वर्षांवरील लोकांचा दुसरा डोस चुकू नये म्हणून १२ मेपासून महाराष्ट्राने तरुणांचे लसीकरण काही काळ थांबवले. २४ मे रोजी केंद्राने सरकारी केंद्रांवर या वयोगटाची जागेवर नोंदणी करण्यास परवानगी दिली. ३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने केवळ डिजिटल नोंदणीवर अवलंबून राहिल्याने वंचित घटक बाहेर राहतील, असा स्पष्ट इशारा दिला. जूनच्या सुरुवातीला संकेतस्थळ मराठीसह अनेक भारतीय भाषांत आले. यातले बहुतेक निर्णय पहिल्या दिवशीही घेता आले असते. त्यासाठी नवे तंत्रज्ञान लागणार नव्हते. यादी कोणासाठी करतो आहोत, एवढाच प्रश्न आधी विचारायला हवा होता.

एवढे सांगितल्यावर ऑनलाइन यादीच नको, असा निष्कर्ष काढायचा का? मुळीच नाही. त्याआधी अनेक केंद्रांवर ज्येष्ठ नागरिक पहाटेपासून रांगा लावत होते. संसर्गजन्य आजाराच्या लाटेत अशी गर्दी म्हणजे नव्या संसर्गाला आमंत्रण. शिवाय लसीचे स्वतःचे गणित असते. कोव्हिशील्डच्या एका कुपीत १० डोस. कुपी उघडली की चार तासांत संपवावी लागे. सात माणसे आली आणि तीन आलीच नाहीत, तर तीन डोस वाया. किती माणसे कोणत्या वेळी येणार हे आधी कळले तर लस वाचते, परिचारिकेचा वेळ वाचतो आणि दुसऱ्या डोसची तारीखही हुकत नाही. यादी हे साधन उत्तम आहे. ते कसे वापरायचे, हा प्रश्न आहे.

हा प्रश्न आजही जिवंत आहे. ग्रामीण रुग्णालये, महाविद्यालये, कारखाने, गणेश मंडळे आता सर्रास ऑनलाइन फॉर्म तयार करतात. मोतीबिंदू तपासणी, स्तनाच्या कर्करोगाची तपासणी, गरोदर मातांची सोनोग्राफी, दिव्यांग प्रमाणपत्रासाठीची तपासणी, अशा प्रत्येक कामाला जागा मोजक्याच असतात. लिंक व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरते. अर्ध्या तासात ‘जागा संपल्या’ असा निरोप येतो. आयोजक खूश होतात. पण ज्या आजीला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, तिला ती लिंक कोणी वाचून दाखवली का, हे कोणी विचारत नाही. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच प्रत्येकी पावणेचार लाखांच्या वर होती. एवढ्या लोकांसाठी शंभर जागांची यादी करताना चूक झाली, तर नेमकी गरजू माणसेच गळतात.

वैद्यकशास्त्राला ही गोष्ट नवी नाही. वेल्समधील खाणकामगारांच्या गावात काम करणारे डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक निरीक्षण मांडले. चांगली वैद्यकीय सेवा मिळण्याची शक्यता तिच्या गरजेच्या उलट्या प्रमाणात असते, म्हणजे गरज जास्त तिथे सेवा कमी. मुद्दाम काही केले नाही तर प्रत्येक यादी याच नियमाने भरते. २०२१ च्या जानेवारीत अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथेही हेच घडले. ऑनलाइन वेळा खुल्या होताच श्रीमंत वस्त्यांतील लोकांनी बहुसंख्य जागा घेतल्या आणि करोनाने सर्वाधिक बळी घेतलेल्या गरीब वस्त्या मागे राहिल्या. तिथल्या प्रशासनाने आधी त्या वस्त्यांच्या पिनकोडना प्राधान्य दिले आणि मार्चमध्ये सेकंदांची शर्यतच बंद केली. लोकांनी निवांतपणे नाव नोंदवायचे आणि मग गटवार सोडतीने वेळ मिळायची, अशी पद्धत आणली. त्याच सुमारास फ्लोरिडातील काही भागांत यादीच नव्हती, ‘येईल त्याला’ लस होती. तिथे ज्येष्ठ नागरिकांनी रात्रभर खुर्च्या टाकून रांगा लावल्या. म्हणजे यादी नसणे हाही उपाय नव्हे.

मग मोजक्या जागांची यादी करावी कशी? पहिली गोष्ट म्हणजे जागांची संख्या उत्साहाने ठरवू नये, हातांनी ठरवावी. सोनोग्राफीचे एक यंत्र, एक डॉक्टर आणि प्रत्येक तपासणीला १५ मिनिटे, तर सकाळी नऊ ते एक या चार तासांत १६ तपासण्या होतात. चाळीस नावे लिहून घेतली तर २४ गरोदर बायका उपाशीपोटी बसून परत जातील. नेत्रशिबिरात नावनोंदणी, दृष्टीची तपासणी, रक्तदाब-साखर आणि शेवटी डॉक्टर अशा पायऱ्या असतात. जी पायरी सर्वांत संथ, तिच्यावरून संख्या ठरते. सगळ्यांना ‘सकाळी नऊला या’ असे सांगणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत त्रासदायक पद्धत. १९५२ साली वेल्च आणि बेली या इंग्रज संशोधकांनी बाह्यरुग्ण विभागासाठी साधी युक्ती सुचवली होती. सुरुवातीला दोन रुग्ण बोलवावेत, पुढचे सरासरी तपासणीला लागणाऱ्या वेळेच्या अंतराने. डॉक्टर रिकामे बसत नाहीत आणि रुग्णांचाही दिवस मोडत नाही. सत्तर वर्षे उलटून गेली तरी ही युक्ती जुनी झालेली नाही.

दुसरी गोष्ट, सगळ्या जागा एकाच दाराने वाटू नयेत. दौंडसारख्या जंक्शनच्या गावाला हे समजावून सांगायला नको. लांब पल्ल्याच्या गाडीच्या सगळ्या जागा सुटण्याच्या स्थानकालाच विकल्या, तर वाटेतल्या प्रवाशांना उभ्याने जावे लागेल. म्हणून रेल्वे वाटेतल्या स्थानकांसाठी कोटा राखते. आरोग्य शिबिराच्या यादीतही तालुक्याच्या गावाला काही जागा, टाकळी हाजी, मलठण, राहू, देऊळगाव राजे अशा गावांच्या परिसराला काही जागा अशी विभागणी आधीच करता येते. राखीव जागा ठरावीक दिवसापर्यंत भरल्या नाहीत तर त्या सर्वांना खुल्या कराव्यात, म्हणजे एकही वाया जात नाही.

तिसरी गोष्ट, ऑनलाइन फॉर्म हे एक दार असावे, एकमेव दार नव्हे. काही जागा फोनवरून, काही आशा ताईंच्या वहीतून आणि काही त्या दिवशी थेट येणाऱ्यांसाठी ठेवाव्यात. गावात मोतीबिंदू कोणाचा पिकला आहे, कोणत्या सुनेची सोनोग्राफी राहिली आहे, हे आशा ताईंना माहीत असते. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातील कैसर परमनंटे या संस्थेत मार्क मरे आणि कॅथरीन टँटाऊ यांनी दिवसाच्या वेळांपैकी मोठा भाग त्याच दिवशी येणाऱ्यांसाठी मोकळा ठेवण्याची पद्धत रुजवली. लोकांची भेटीसाठीची दिवसेंदिवसांची प्रतीक्षा त्यामुळे कमी झाली. सगळ्या वेळा आधीच देऊन टाकणे म्हणजे व्यवस्था चोख असणे नव्हे.

चौथी गोष्ट, सेकंदांवर निवड करू नये. फॉर्म दहा मिनिटांऐवजी तीन दिवस खुला ठेवावा. ज्यांची वैद्यकीय गरज तातडीची आहे त्यांना आधी घ्यावे. दोन्ही डोळ्यांनी न दिसणारा माणूस एका डोळ्याने दिसणाऱ्याच्या आधी, हे सांगायला समिती लागत नाही. उरलेल्यांमध्ये सोडत काढावी. म्हाडाची घरे आणि शिक्षण हक्क कायद्याखालील शाळाप्रवेश यांमुळे सोडत मराठी माणसाच्या परिचयाची आहे. सोडतीत नंबर लागला नाही तर वाईट वाटते, पण फोन जुना होता म्हणून डावलले गेलो अशी सल राहत नाही.

पाचवी गोष्ट, प्रतीक्षा यादी आणि आठवण. कोणत्याही यादीतले काही लोक येत नाहीत. कोणाच्या घरी पाहुणे, कोणाच्या उसाला पाण्याची पाळी, कोणाची एसटी चुकलेली. आदल्या दिवशी एसएमएस किंवा फोन गेला तर न येणाऱ्यांचे प्रमाण घटते, हे जगभरच्या अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्या संदेशातच ‘येणार नसाल तर या क्रमांकावर कळवा’ असे लिहावे आणि प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या व्यक्तीला बोलवावे. ४० जागांपैकी दर वेळी आठ रिकाम्या राहतात असा अनुभव असेल, तर चार-पाच नावे जास्त घेण्यात चूक नाही. मात्र सगळेच आले तर त्यांना तपासण्याची तयारी हवी. ‘जागा संपल्या’ एवढाच निरोप देऊन कोणाला परत पाठवू नये. पुढची तारीख किंवा दुसरे ठिकाण सांगावे.

सहावी गोष्ट गोपनीयतेची, आणि तीच सर्वांत दुर्लक्षित. अनेकदा सर्वांना बदल करता येईल असा तक्ता उघडून लिंक पाठवली जाते. मग प्रत्येकाला दुसऱ्याचे नाव, फोन आणि आजारही दिसतो. एखाद्याचे बोट चुकून लागले तर दुसऱ्याची ओळ पुसलीही जाते. क्षयरोग, एचआयव्ही, गर्भारपण, मानसिक आजार या गोष्टी गावभर होऊ देण्याचा अधिकार आयोजकांना नाही. माहिती भरण्यासाठी फॉर्म असावा आणि उत्तरांचा तक्ता एक-दोन जबाबदार व्यक्तींनाच दिसावा. नाव, वय, गाव, फोन एवढे पुरत असेल तर आधार क्रमांक मागू नये. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे. पण कायद्याच्या आधीही वैद्यकाने रुग्णाचे गुपित राखावे ही रीत होतीच. फॉर्मचे तांत्रिक अंगही आधी तपासावे. जागा भरल्यावर तो पर्याय आपोआप बंद होतोच असे नाही. तो बंद झाला नाही तर सोळा जागांवर साठ नावे येतात आणि भांडण फाटकावर होते. लिंक गावभर पाठवण्याआधी दोघा-तिघांनी, त्यातल्या एकाने साध्या जुन्या फोनवरून, खोटी नावे भरून पाहावीत. फॉर्म मराठीत असावा, हे वेगळे सांगण्याची वेळ येऊ नये.

शेवटची गोष्ट म्हणजे शिबिर झाल्यावर यादी पुन्हा वाचणे. किती जण आले हे सगळेच मोजतात. कोण आले नाही हे मोजायला हवे. कोणत्या गावातून एकही नाव नाही? बायका किती? सत्तरीपुढचे किती? नावे एकाच आळीतली, एकाच कंपनीतली तर नाहीत ना? हा हिशेब अर्ध्या तासात होतो आणि पुढच्या शिबिराची जागा, दिवस व कोटा ठरवायला तेवढा पुरतो.

करोना लसीकरणाचा शेवटही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. लस मुबलक झाल्यावर संकेतस्थळावरची झुंबड ओसरली, पण लोक उरलेच. ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्याने ‘मिशन कवच कुंडल’ हाती घेतले आणि नोव्हेंबरमध्ये ‘हर घर दस्तक’ मोहीम आली. परिचारिका आणि आशा ताई वस्त्यांवर, शेतात, ऊसतोड कामगारांच्या कोपींपर्यंत पोचल्या. मे महिन्यातल्या यादीत ज्यांना जागा मिळाली नव्हती, त्यांतल्या अनेकांना लस अशी घराच्या दारात मिळाली. ती मिळायला सहा महिने लागले, आणि त्या सहा महिन्यांत साथ थांबून राहिली नव्हती.

पुढची साथ कोणती असेल, पुढची लस कोणती असेल हे आज सांगता येणार नाही. सुरुवातीला जागा कमी असतील आणि यादी करावी लागेल, एवढे मात्र नक्की. तोवर शिरूर-दौंडमधल्या प्रत्येक लहानशा शिबिराची यादी ही त्या मोठ्या यादीची रंगीत तालीम आहे. पुढच्या वेळी कोणत्याही मंडळाने, शाळेने किंवा रुग्णालयाने लिंक पाठवण्याआधी एकच गोष्ट करावी. गावातल्या, फोन नसलेल्या एका म्हाताऱ्या बाईचे नाव मनात आणावे आणि ती या यादीत कोणत्या दाराने येईल ते ठरवावे. ते दार सापडेपर्यंत लिंक पाठवू नये.